रविवारी तू कुठं राह्यतं? नागपूर ते लालबर्रा, बालाघाटमार्गे

रागात असताना लिहायला बसू नकोस, असं बाबा मला नेहमी सांगतात. त्यांचं ऐकलं तर हा लेख कधीच लिहून होणार नाही, कारण परत येऊन बरेच दिवस झाले तरी माझा राग जागचा हललेला नाही. त्यामुळे आधीच सांगून ठेवते. तुम्ही बालाघाटकडे जायचं ठरवत असाल तर रस्ता, मुक्काम, खाणं सगळं खाली मिळेल. वाघ मात्र मिळणार नाही. आम्ही जंगलात गेलोच नाही. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची बोलणी करायला गेलो होतो.

भावाला इथे नितीन म्हणते. नावं सगळ्यांची बदलली आहेत, ज्याचं त्याला कळेल. नितीन नागपुरात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. प्रज्ञा त्याच दवाखान्यात नर्स आहे आणि तिचं घर लालबर्ऱ्याला, म्हणजे बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तहसिलीचं गाव. आम्ही मराठी ख्रिस्ती, पणजोबांपासून. ते बौद्ध, आजोबांपासून, मुळात आपल्या भंडाऱ्याकडचे. प्रज्ञा मला आवडते. स्पष्ट बोलते, पोटभर जेवते आणि नितीनला वेळेवर गप्प बसवते. आई आता नाही, बाबांचे गुडघे गाडीत दुमडत नाहीत, म्हणून घरातलं मोठं माणूस म्हणून मी निघाले. मी निघाले म्हणजे गाडीही मीच चालवणार, हे ओघाने आलंच.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी लवकर निघा, भंडाऱ्यापर्यंतचा महामार्ग ट्रकांनी भरायच्या आत संपवा. तिथून तुमसर, मग राज्याची हद्द ओलांडून वारासिवनी आणि पुढे बालाघाट. तुमसरच्या पुढे रस्ता अरुंद होतो, मधे मधे उखडलेला आहे आणि या दिवसांत लोक त्याच्यावरच धान वाळत घालतात. हॉर्न वाजवून उपयोग नाही, खाली उतरून विचारा, बाया हसत हसत एक बाजू गोळा करून देतात. चहा तुमसरलाच घ्या. हद्द ओलांडल्यावर पाट्या हिंदी होतात, माणसं मात्र बराच वेळ तीच राहतात.

वाटेत मी नितीनला विचारलं, "प्रज्ञाच्या बाबांनी आपल्याबद्दल काही विचारलं तर काय सांगायचं ठरवलंयस?"

"नाही विचारणार गं ताई. ते तसले नाहीत."

"तसले म्हणजे कसले?"

"म्हणजे साधे आहेत," असं म्हणून त्याने गाणं बदललं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचा राग तुम्हाला कळणार नाही. आमच्या चर्चच्या तरुण संघात शुक्रवारी एक सराव चालतो. कुणी तुमच्या विश्वासाबद्दल विचारलं तर ततपप होऊ नये, उत्तर तयार असावं आणि तेही सौम्य शब्दांत, म्हणून एक जण खोटाखोटा हिंदू होतो, एक खोटाखोटा बौद्ध, एक देवबिव न मानणारा, आणि ते मधे बसलेल्यावर प्रश्नांचा भडिमार करतात. मधे बसण्यात आमच्या नितीनचा हात धरणारा कोणी नाही. देव आहे कशावरून, दुःख का आहे, येशूच का, सगळ्यावर त्याच्याकडे न अडखळता उत्तर. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, इतरांना सांगतात, तयारी कशी असावी ते नितीनकडून शिका. रविवारी उपासनेत गिटार घेऊन गाणंही तोच धरतो. ड्यूटी रविवारी लागू नये म्हणून तो दवाखान्यात भांडतो, हे मला प्रज्ञानेच सांगितलं होतं.

दुपारी बालाघाटला पोचलो. बसस्टँडच्या आसपास साधे लॉज आहेत, हजाराच्या आत स्वच्छ खोली मिळते, फक्त रस्त्याकडची घेऊ नका. आमच्या लॉजच्या काउंटरवरच्या माणसाने आधी माझं ओळखपत्र पाहिलं आणि मग गळ्यातला क्रूस.

"मॅडम, प्रचार-व्रचार तो नहीं है ना? आजकल पूछना पडता है."

"शादी की बात करने आए हैं," मी म्हटलं.

"अच्छा अच्छा. सरनेम से तो आप अपने ही लगते हो. कब बने?"

"पैदा हुई तब से."

तो हसला. वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण असते. वाईट माणसाला उत्तर देणं सोपं जातं. "नहीं, मतलब, शुरू में कुछ तो मिला होगा ना आपके लोगों को?"

हा प्रश्न मी शाळेत ऐकलाय, कॉलेजात ऐकलाय, घर भाड्याने घेताना ऐकलाय. तांदूळ मिळाले का, दूध पावडर मिळाली का, नोकरी मिळाली का. विचारणाऱ्याला तो नवा वाटतो. मला तो ऐकला की हातातली वस्तू फेकावीशी वाटते आणि त्या दिवशी हातात गाडीची किल्ली होती. फेकली नाही. म्हटलं, "हाँ, मिला. मेरे परदादा को स्कूल में क्लास के अंदर बैठने को मिला. उसके पहले बाहर बैठते थे."

त्याने खोलीची चावी काढून दिली आणि पंख्याचं बटण कुठे आहे ते समजावलं. या सगळ्या वेळात नितीन भिंतीवरची लॉजच्या नियमांची पाटी वाचत उभा होता. जिन्यात मला म्हणतो, "कशाला वाद घालत बसतेस? लग्नाला आलोय एवढं सांगून मोकळं व्हायचं." तेव्हा मला राग फक्त काउंटरवरच्या माणसाचा आला होता. तो राग मी चुकीच्या माणसावर खर्च केला, असं आता वाटतं.

संध्याकाळी बाजारात फिरलो. इथला चिन्नोर तांदूळ जरूर घ्या. दाणा बारीक, वास असा की शिजत असताना शेजारी विचारायला येतात. सकाळी नाश्त्याला पोहे आणि जिलबी, एकाच ताटलीत. मी नाक मुरडत खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागितली. जिलबी तळणाऱ्या बाईंनी आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून विचारलं, "नागपूरवरून आले का? माहे पोरं तं आता हिंदीच बोलतात. तुमी बोलत राहा, आयकाले बरं वाटते." त्यांनी जिलबी थोडी जास्तच घातली.

बालाघाटहून लालबर्ऱ्याला जाताना वैनगंगेचा पूल लागतो. सकाळच्या वेळी थोडं थांबावं असा आहे, पण गाडी पुलाच्या अलीकडेच लावा. पुढचा रस्ता चांगला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, धानाच्या गंज्या आणि लालबर्रा जवळ आलं की तांदळाच्या गिरण्या. गाव रस्त्याच्या कडेने लांब पसरलंय, दुकानामागून दुकान.

प्रज्ञाचे बाबा, मेश्रामकाका, यांचं सायकल आणि मोटरसायकलच्या टायर-ट्यूबचं दुकान रस्त्यालाच आहे आणि मागे घर. दुकानात गल्ल्याच्या वर बुद्धाची मोठी तसबीर, तोंड रस्त्याकडे. येणाऱ्या गिऱ्हाइकाला टायरच्या आधी ती दिसते. काका बारीक अंगाचे, आवाज मात्र खणखणीत. काकूंनी मला पाहताच हात धरून आत नेलं. प्रज्ञा आदल्या दिवशीच येऊन स्वयंपाकाला लागली होती. चिन्नोरचा भात, तुरीचं वरण, वांग्याची भाजी, गरम भजी.

ताट समोर आल्यावर मी सवयीने डोळे मिटले. मोठ्याने काही म्हटलं नाही, दोन ओळींची मनातली प्रार्थना. काकूंचा वाढता हात थांबला. "थांबा जरा, ताई प्रार्थना करून राह्यल्या," त्या हळूच म्हणाल्या. डोळे उघडले तेव्हा सगळे थांबले होते. नितीनने मात्र वरणभात कालवून पहिला घास घेतला होता. घरी तोच प्रार्थना म्हणतो, आणि ती इतकी लांबवतो की वरण गार होतं. मला वाटलं, पोरगा घाबरलाय. दुर्लक्ष केलं.

काकांनी नाही केलं. जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"ताई, एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा ना काका."

"नितीननं आमाले सांगतलं होतं का तुमच्या घरी हे काही नसते. नावालेच ख्रिश्चन आहो म्हणे, कोनी चर्चमंदी जात नाही, कोनी मानत नाही. आन तुमी तं आता डोळे मिटले."

मी नितीनकडे पाहिलं. तो पाण्याच्या पेल्यात पाहत होता. माझी कानशिलं तापली. बाबा गुडघे दुखत असताना रविवारी रिक्षा करून चर्चला जातात. आईने शेवटच्या दिवसांत अंथरुणावरून गाणी म्हटली. आणि हा शहाणा त्या सगळ्याला 'कोणी मानत नाही' म्हणून मोकळा झाला होता.

काका त्याच्याकडे वळले. "रविवारी तू कुठं राह्यतं?"

शुक्रवारच्या सरावात हा प्रश्न कधीच कोणी विचारलेला नाही. आमच्या खोट्या बौद्धाला सृष्टी कोणी निर्माण केली यातच रस असतो.

"ड्यूटी असते काका," नितीन म्हणाला. "बहुतेक वेळा."

प्रज्ञा दारात उभी होती. तिने मान दुसरीकडे फिरवली. सगळं माझ्या ओठांवर आलं होतं, गिटारसकट. पण ते त्याने सांगायचं होतं. मी सांगितलं असतं तर तो आणखी एकदा सुटला असता.

काका मलाच म्हणाले, "मंग तुमी सांगा, ताई. तुमी काहून मानता?"

मलाही लहानपणापासून उत्तरं शिकवलेली आहेत. क्रमाने येतात. त्यातलं एकही मला त्या क्षणी द्यावंसं वाटलं नाही, कारण मी संतापलेली होते आणि ती उत्तरं संतापलेल्या माणसाची नव्हेत. म्हणून जे होतं ते बोलले.

"काका, माझी आई आजारी पडली तेव्हा सगळ्या चर्चने प्रार्थना केली. ती गेली. मी चर्चला जाणं सोडलं. पण घरी भांडी घासताना मी देवाशी भांडायचे. रोज. कुठे होतास, काय करत होतास, तुला एक बाई वाचवता आली नाही. खूप दिवस भांडल्यावर माझ्या लक्षात आलं, की जो नाहीच त्याच्याशी मी इतकं कशाला भांडेन? आणि येशूनेही मरताना हेच विचारलं होतं, की मला का सोडलंस. त्यालाही तेव्हा उत्तर मिळालं नाही. सुखात असलेला देव मला नको होता. हा चालला. म्हणून मानते. राग अजून गेलेला नाही."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला, बहुतेक माझ्या आईसाठी.

"मले पटलं नाही, ताई," काका म्हणाले. "दुःख आहे, त्याले कारन आहे, ते मानसानं सोता पाहावं, देवाले मधात आनाची गरज नाही, असं आमी मानतो. पन तुमी बोलल्या ते तुमचं आहे. आयकलं मी." मग नितीनला म्हणाले, "आता तू सांग."

नितीनने घसा साफ केला. "काका, शेवटी माणुसकी महत्त्वाची. सगळे धर्म एकच तर सांगतात."

"नाही सांगत." काकांचा आवाज चढला नव्हता. "मी देव मानत नाही. तुही बहीन देवासंग भांडते. मंग एकच कसं? माह्या दुकानात लोक येतात, हा फोटो पाह्यतात, विचारतात, कौन जात हो, कब बने. मी सांगतो. एखादा टायर न घेता चालला जाते. जाऊ द्या. पन मी फोटो आत नाही नेला. तू ख्रिश्चन आहे म्हनून मले काही तकलीफ नव्हती. माही पोरगी धर्म बदलनार नाही, तुले बदलाले सांगनार नाही, हे तिनं आधीच सांगतलं मले. पन तू आपला देव माह्यापासून लपवला. उद्या चार लोकाइत माह्या पोरीलेही लपवशीन. कोन आहे विचारलं तं म्हनशीन, नावालेच बायको आहे."

"काका, तसं नाही..."

"मैंने बोला था ना, पापा को सच बोलना," प्रज्ञा दारातून म्हणाली. घरात ती मराठी बोलते, रागावली की हिंदी. "छुपाने जैसा क्या था उसमें? मुझसे तो कभी नहीं छुपाया."

नितीनने तिच्याकडेही पाहिलं नाही. काका उठले. दुकानात कोणीतरी ट्यूब मागायला आलं होतं. जाताना मला म्हणाले, "ताई, तुमच्यावर राग नाही. नाही म्हनलं नाही मी अजून. त्याले म्हना, एकटा ये. बसून सांग तू कोन आहे. मले पटलंच पाह्यजे असं काही नाही. त्याले पटलेलं असलं पाह्यजे." काकूंनी निघताना माझ्या पिशवीत तांदूळ घातले. घेताना मला लाज वाटली.

परतताना आम्ही बालाघाटला न वळता सिवनीवरून महामार्ग धरला. हा रस्ता लांब पण उत्तम आहे, पेंचच्या जंगलातून उंचावरून जातो, खालून जनावरांना वाट ठेवली आहे. टोल लागतो. देखावा सुंदर असावा. मी पाहिला नाही.

"बोल," मी म्हटलं.

"तुला काय वाटतं, मला मजा वाटली? लॉजवाला काय म्हणाला ऐकलंस ना? तिथे कोणी उठवलं असतं की हे पोरीला बाटवायला आले, तर? तिच्या बाबांचं दुकान आहे रस्त्यावर."

ही भीती खोटी नाही, हे मी कबूल करते. मलाही ती माहीत आहे. काही गावांत मी क्रूस ओढणीखाली घेते आणि त्याबद्दल मला कोणी बोललेलं चालणार नाही. चार अनोळखी माणसं दाराशी आली तर माणसाने जीव वाचवावा, उत्तर नंतर द्यावं.

"पण नितीन," मी म्हटलं, "तिथे जमाव नव्हता. एक बाप होता. त्याने जेवू घातलं आणि मग विचारलं."

"मला वाटलं ते नाही म्हणतील."

"मग? काय म्हणाले?"

राज्याच्या हद्दीजवळचं खवासा गेल्यावर तो म्हणाला, "शुक्रवारी प्रश्न विचारणारे आपलेच असतात गं. त्यांना उत्तर आवडणारच असतं." त्या दिवसभरात त्याने खरं बोललेलं हे एकच वाक्य. ऐकून मला त्याची कीव आली, पण राग उतरेल इतकी नाही.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "त्या माणसाला मला भेटायचंय." काकूंचा तांदूळ आम्ही शिजवला. शेजारच्या वहिनी खरंच विचारायला आल्या.

काय राहिलं म्हणाल, तर आजवर मला वाटायचं, आमच्या अडचणी विचारणाऱ्यांमुळे आहेत. लॉजवाल्यासारख्यांमुळे. त्यांचा राग मला येतो आणि येत राहील. पण काकांनीही विचारलंच होतं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी उत्तर ऐकायला म्हणून विचारलं, आणि आमच्या घरातला सगळ्यात तयार माणूस त्यांच्यासमोर ड्यूटी असते म्हणाला.

त्यानंतरच्या रविवारी नितीन चर्चमध्ये गिटार घेऊन उभा राहिला आणि नेहमीसारखं गायला, डोळे मिटून. लोकांनी वाहवा केली. मी अर्ध्यातून बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. त्याची आणि प्रज्ञाची ड्यूटी आता वेगवेगळ्या वेळेला लागते. प्रज्ञाने मला फोन केला होता. रडली नाही. म्हणाली, "ताई, आई सांगते, बाबा दर रविवारी दुकानात एक जास्तीची खुर्ची काढून ठेवून राह्यले. मले काही बोलत नाही."

नितीन, तू माझा ब्लॉग वाचतोस हे मला ठाऊक आहे. तुझ्याबद्दल इथे लिहिलं म्हणून तुला राग येईल. येऊ दे, काहीतरी खरं येऊ दे. गाडीची किल्ली फ्रिजवर आहे, टाकी भरलेली आहे. सिवनीवरून जा, तुमसरकडे धान वाळतंय. काका दुकानात असतील. पाठ केलेलं काही नेऊ नकोस, त्यांना कळेल. काही सुचलं नाही तर सुचत नाही म्हणून सांग, पण त्यांच्याकडे बघून सांग. या रविवारी चर्चला येऊ नकोस. नितीन कुठे आहे म्हणून कोणी विचारलं, तर लालबर्ऱ्याला गेलाय, असं मी सांगेन.